पापणीआडचा रंग

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात जवळजवळ तीस वर्षे मी मुलांना एकच चित्र दाखवीत आलो. प्रभू येशूच्या खांद्यावर पांढरेशुभ्र कोकरू, मागे हिरवी टेकडी आणि पायाशी शांतपणे चरणारा कळप. पास्काकाळाच्या चौथ्या रविवारी, म्हणजे उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, ते चित्र मी फळ्यावर अडकवीत असे आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायावर बोलत असे. उत्तम मेंढपाळाला आपली मेंढरे ओळखता येतात, हे मी मुलांना मोठ्या तन्मयतेने सांगत असे. परंतु तोवर मी स्वतः एकही कोकरू हातात धरलेले नव्हते. ओळखणे म्हणजे माया करणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ माझ्या मनात होता.

२०१६ साली मी शाळेतून निवृत्त झालो. अमरावती-अकोला रस्त्यावर मूर्तिजापूरच्या अलीकडे वडिलांनी ठेवलेले थोडे कोरडवाहू वावर आहे. आमच्या वऱ्हाडात कापूस आणि तूर ही पिके आभाळाच्या भरवशावर उभी असतात. एक हंगाम बुडाला की घर दोन वर्षे मागे जाते. हाताशी काही जोडधंदा असावा म्हणून पुढच्या वर्षी जून महिन्यात मी बारा मादी कोकरे विकत घेतली. तीन-चार महिन्यांची, काळसर आणि भरड लोकरीची ती दख्खनी कोकरे होती. ज्या धनगरबुवांकडून ती घेतली, ते दरसाल पऱ्हाटी निघाल्यावर आमच्या वावरात मेंढरे बसवीत. रात्रभर कळप शेतात बसला म्हणजे लेंड्या आणि मूत्र जमिनीत मुरते आणि पुढच्या पिकाला खताची आयती सोय होते. त्यांचा आमचा संबंध होता तो एवढाच.

अमरावतीजवळ पोहरा येथे राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. तेथे जाऊन आधी चार गोष्टी शिकून घ्याव्यात, असे एका स्नेह्याने सुचवले होते. मी ते मनावर घेतले नाही. आयुष्यभर मुले वाढवली, मग कोकरांचे ते काय, असा माझा समज होता.

पावसाळा लागला. आमची काळी जमीन पाण्याने फुगते, चिकटते आणि दिवसच्या दिवस वाळत नाही. धुऱ्यावर कोवळे गवत माजले. मी सकाळी लवकर कोकरे सोडत असे आणि दवाने भिजलेले ते गवत ती आनंदाने खात असत. पोटे टम्म दिसत, लेंड्याही चांगल्या बांधलेल्या पडत. सारे ठीक आहे, असे मी समजत होतो.

१५ ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. त्या दिवशी मिस्सा आटोपून घरी आलो तेव्हा एक कोकरू कळपापासून मागे पडून उभे होते. त्याच्या जबड्याखाली लिंबाएवढी मऊ सूज आली होती. काटा मोडला असेल म्हणून मी हळद लावली. दुसऱ्या दिवशी ते बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मरून पडलेले आढळले.

मी निरोप पाठवला तसे धनगरबुवा आले. मेलेल्या कोकराकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. जिवंत असलेल्यांपैकी एकाला पकडून त्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू त्यांनी अंगठ्याने उलटी केली आणि मला जवळ बोलावले.

“मास्तर, पोट काय पाहता जी? डोया पहा तिचा. रगतच नाई राह्यलं.”

पापणीच्या आतला भाग कागदासारखा पांढरा होता. मग त्यांनी आपल्या कळपातील एका मेंढीची पापणी उलटून दाखवली. ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती. दोन महिने मी रोज त्या कोकरांकडे पाहत होतो आणि मला काहीच दिसलेले नव्हते.

यानंतर मी जे केले ते सांगताना आजही संकोच वाटतो. घाबरून मी त्याच दिवशी जंतनाशकाची बाटली आणली. वजन कोणाचेच केले नाही. कोणी आठ किलोचे असेल, कोणी चौदाचे, पण सर्वांना एकच माप ठरवले, तेही औषध पुरावे म्हणून हात आखडून. कोकराचे तोंड आभाळाकडे उचलून धरायचे आणि औषध ओतायचे, अशी माझी रीत. एक कोकरू ठसकले, खोकले, धडपडले. मी त्याला आणखी घट्ट धरले. औषध पोटात न जाता श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरले होते. त्याला ताप चढला, धाप लागली आणि तीन दिवसांनी तेही गेले. पहिले कोकरू जंतांनी मारले होते. हे दुसरे मी मारले.

त्याच आठवड्यात आणखी दोघांना रक्तमिश्रित हगवण लागली. जंतनाशक देऊनही ती थांबेना. त्यांतले एक दगावले तेव्हा माझा अहंकार पुरता गळाला. उरलेल्या नऊ कोकरांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, प्रत्येकीवर खूण करून मी सकाळच्या गाडीने अकोला गाठले.

अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत एका तरुण डॉक्टरबाईंनी माझ्या पुड्या तपासल्या. मला त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले. काचेवर लांबट गोल अंडी विखुरली होती. त्यांनी जे समजावले ते मी विद्यार्थ्यासारखे वहीत उतरवून घेतले.

पांढऱ्या पापणीला कारण असलेला जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला फार तर एखादा थेंब पीत असेल. पण असे हजार जंत असले तर रोज सुमारे पन्नास मिलिलिटर रक्त जाते. दहा किलोच्या कोकराच्या अंगात रक्त असते ते साधारण सहाशे-सातशे मिलिलिटर. हिशेब मास्तराला तरी समजावून सांगावा लागू नये! रक्तातील प्रथिने कमी झाली की जबड्याखाली पाणी साचते. मी ज्यावर हळद लावली ती सूज हीच. आणि या जंतामुळे बहुधा हगवण लागत नाही, त्यामुळे बांधलेल्या लेंड्या पाहून नवखा माणूस फसतो.

एक मादी जंत रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांबरोबर जमिनीवर पडतात आणि पावसाळी, उबदार हवेत आठवडाभरात त्यांतून रोग देण्याजोग्या अळ्या तयार होतात. त्या दवाच्या पाण्यातून गवताच्या पात्यावर चढतात, परंतु बहुतेक जमिनीपासून तीन-चार बोटांच्या आतच राहतात. कोकराने ते गवत खाल्ले की सुमारे तीन आठवड्यांत पुन्हा अंडी घालणारे जंत तयार. म्हणजे पहाटेचे ओले, आखूड गवत मी ज्या हौसेने चारत होतो, तीच सगळ्या दुखण्याची वाट होती. दव वाळल्यावर कळप सोडावा, फार आखूड चरू देऊ नये आणि एकाच तुकड्यावर रोज नेऊ नये, हे औषधाआधीचे औषध आहे.

रक्ती हगवण झालेल्या कोकरांच्या लेंड्यांत मात्र वेगळेच काही दिसले. तो जंत नव्हेच. कॉक्सिडिया नावाचा तो एकपेशीय जीव आहे आणि आतड्याच्या आवरणात वाढतो. जंतनाशकाचा त्याच्यावर काही उपयोग नसतो. त्याला सल्फा किंवा अँप्रोलियमसारखी निराळी औषधे लागतात आणि त्याहून अधिक गरज असते ती कोरड्या जागेची. दाटीवाटीने ओल्या जमिनीवर बसणाऱ्या लहान कोकरांना तो हमखास गाठतो. मी परत आलो त्याच दिवशी पत्नीने आणि मी वाडा उपसला, मुरूम टाकला, चुना भुरभुरला आणि चाऱ्याची गव्हाण जमिनीवरून उचलून बांधली. लेंड्या चाऱ्यात मिसळू नयेत, एवढाच त्यातला मुद्दा. हगवण लागलेले ते दुसरे कोकरू डॉक्टरबाईंच्या औषधाने आणि मीठ-साखरेच्या पाण्याने वाचले.

पुढची गोष्ट वजनाची. धान्याच्या पोत्यात कोकरू बसवून ताणकाट्याला टांगले की वजन कळते. फेनबेंडाझोल द्यायचे तर किलोमागे पाच मिलिग्रॅम, अल्बेंडाझोल असेल तर साडेसात. बाटलीवर औषधाची तीव्रता लिहिलेली असते, तीवरून किती मिलिलिटर ते काढायचे. कमी मात्रा दिली तर दुबळे जंत मरतात आणि चिवट तेवढे उरतात. त्यांचीच पुढची पिढी निपजते आणि मग ते औषध त्या कळपात निकामी होते. गाभण मेंढीला सुरुवातीच्या काळात अल्बेंडाझोल देऊ नये. आणि पाजताना तोंड सरळ पातळीत ठेवावे, गालाच्या कडेने जिभेच्या मागे हळू सोडावे, ठसका लागताच मान मोकळी करावी. मी उरलेल्यांना असेच पाजले, तेव्हा एकही खोकले नाही.

लसींचेही त्यांनी बजावले. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी आणि पहिल्या वर्षी दोन आठवड्यांनी पुन्हा टोचावी. पी.पी.आर. या रोगाचीही लस कोकरू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर द्यावी. हा रोग आपल्या देशात प्रथम १९८७ साली तामिळनाडूत आढळला. गाईबैलांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. तिचाच हा भाऊबंद २०३० पर्यंत हद्दपार करण्याचे जगाने ठरवले आहे.

निघताना डॉक्टरबाईंनी मला एक रंगीत कार्ड दाखवले. दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत बसवली. पापणीच्या आतल्या भागाच्या पाच छटा त्यावर छापलेल्या आहेत. पहिली लालबुंद, पाचवी पांढरीफटक. दर दोन आठवड्यांनी, पावसाळ्यात तर दर आठवड्याला, प्रत्येक जनावराची पापणी त्या रंगांशी ताडून पाहायची आणि जे फिके असेल त्यालाच औषध द्यायचे. कोकरे फार लवकर ढासळतात, म्हणून त्यांच्या बाबतीत तिसऱ्या छटेलाच सावध व्हायचे. सगळ्या कळपाला सरसकट औषध देऊ नये, कारण त्यानेही चिवट जंतच उरतात. धनगरबुवा कार्डावाचून जे करीत होते, तेच शास्त्राने पाच रंगांत मांडले होते.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायातला तो मेंढपाळ आठवला, जो नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे जातो. वर्गात मुले नेहमी विचारीत, “सर, नव्व्याण्णव सोडून एकासाठी जाणे हा वेडेपणा नाही का?” मी प्रेमाच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेत असे. आता मला उत्तर सापडले होते. नव्व्याण्णवांना त्या क्षणी औषधाची गरज नसते, एकाला असते. परंतु ते एक कोणते, हे कळायला शंभरही पापण्या उलटून पाहाव्या लागतात. एक हरवले आहे हे त्या मेंढपाळाला कळले, याचा अर्थ तो रोज मोजत होता.

आणि मग एक जुनी गोष्ट वर आली. माझ्या आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्रास देणाऱ्या मुलांवर माझे लक्ष असे, हुशार मुलांवर असे. तो मात्र हजेरीत नावाला ‘हजर’ म्हणे आणि मी खूण करीत असे. एके दिवशी तो यायचा बंद झाला. हजेरीपटावर सलग आठ दिवस गैरहजेरीच्या खुणा पडल्या तेव्हा मी चौकशी केली. घरी कर्ज झाले होते आणि तो वीटभट्टीवर गेला होता. कित्येक दिवस तो उपाशी शाळेत येत होता, असे त्याच्या आईने सांगितले. मी त्याला परत आणू शकलो नाही. माझा वर्ग चांगला चालला होता, लेंड्या बांधलेल्या पडत होत्या! मी वर्गाकडे पाहत होतो, त्या मुलाकडे नव्हे.

आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ एवढा त्याचा पसारा. एखाद्या गावात आपली चारच कुटुंबे, तर एखाद्यात एकच. अशा विखुरलेल्या कळपात कोण मागे पडून उभे आहे, हे केवळ फादर आणि सिस्टर यांनीच पाहावे, असे म्हणून चालायचे नाही. चर्चच्या दारात ‘कसे आहात?’ असे आपण विचारतो आणि ‘बरे आहे’ हे उत्तर घेऊन पुढे जातो. बरे आहे म्हणणाऱ्याचे पोट भरलेले दिसते, एवढेच आपण पाहिलेले असते. यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या काळच्या मेंढपाळांना दोष दिला, तो त्यांनी दुबळ्यांना बळ दिले नाही आणि आजाऱ्यांना बरे केले नाही म्हणून. त्यांनी द्वेष केला असे तो म्हणत नाही. त्यांनी पाहिले नाही, केले नाही, हाही त्यांचा एक दोष. माझाही तोच होता.

धनगरबुवांना मी त्या शिकवणीचे काही द्यावे म्हटले तर ते हसले. “बोट लावून डोया पाह्याचे पैसे घेतेत का जी?” म्हणाले. दर हिवाळ्यात त्यांची मेंढरे अजूनही आमच्या वावरात बसतात आणि आता त्यांच्या कळपाला लस देण्याची तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवतो.

ती नऊ कोकरे पुढे माद्या झाल्या, त्यांना पिले झाली. पावसाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी मी वाड्यात बसतो आणि एकेकाला गुडघ्यांत धरून पापणी उलटतो. कपड्यांना वास लागतो, हात घाणीने भरतात. दुसऱ्या दिवशी मिस्सेला जाताना कितीही साबण लावला तरी तो वास बोटांना थोडा राहतोच. पूर्वी मला त्याची लाज वाटली असती. आता वेदीपुढे हात जोडताना तो वास आला, की त्या आठवड्यात कोणाची पापणी फिकी होती ते आठवते. कोकरांबरोबर एखाद्या माणसाचेही नाव आठवते, आणि मग मिस्सा संपल्यावर मी त्याच्या घराकडे वळतो.