पदर खोचलेली भाषा

‘सक्सिंक्ट’ या इंग्रजी शब्दाला ‘संक्षिप्त’ म्हणून मोकळं व्हायची सवय आपल्याला शब्दकोशांनी लावली आहे. मुळं पाहिली तर हे दोन शब्द एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. क्षिप् म्हणजे फेकणे. संक्षेप म्हणजे सगळं एका जागी टाकून केलेला ढीग. ‘सक्सिंक्ट’च्या लॅटिन मुळात मात्र फेकणं नाही, कापणंही नाही. अंगरख्याचा घोळ वर उचलून कमरपट्ट्यात अडकवलेला, कामाला निघालेला माणूस तिथे आहे. आपल्याकडे हे चित्र पदर खोचून कामाला लागलेल्या बाईचं. लुगडं पुरतं नऊ वार असतं, त्यातली वीतभरही कापलेली नसते. ते फक्त पायात येत नाही. थोडक्यात लिहिणं म्हणजे कात्री चालवणं, ही समजूत मला म्हणूनच पटत नाही.

माझं काम यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचं, आणि मी राहतो ते फरीदाबाद हे ट्रॅक्टरचं गाव. एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर इथे बनतात आणि मराठी मुलखातल्या रानांत चालतात. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटरची पाती फिरवणारा दांडा, साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. त्याच्याविषयी ‘साफ करताना काळजी घ्या’ असं चार शब्दांत लिहिता येतं. वाक्य आखूड आहे, व्याकरणात चोख आहे आणि निरुपयोगी आहे, कारण कसली काळजी ते वाचणाऱ्यानेच ठरवायचं. आता हे पाहा: ‘गवत काढण्याआधी पीटीओ बंद करा, इंजिन बंद करून किल्ली काढा, पाती थांबेपर्यंत हात घालू नका.’ शब्द पंधरा, जवळजवळ चौपट. पण यातली किल्ली गाळली तर दुसरं कोणी इंजिन चालू करू शकतं. पाती गाळली तर इंजिन बंद होऊनही क्षणभर फिरत राहणाऱ्या लोखंडाचा विसर पडतो. गाळायचं ते वेगळंच असतं: ‘सदर’, ‘याद्वारे सूचित करण्यात येते की’, ‘कृपया याची नोंद घ्यावी’. पहिल्या वाक्याला मराठीत ‘त्रोटक’ म्हणतात, त्यात तुटणं आहे. दुसऱ्याला ‘सुटसुटीत’ म्हणतात, त्यात सुटणं आहे.

यावर कोणी म्हणेल, शेतात पंधरा शब्द वाचायला वेळ कुणाला आहे? ज्याला वेळ नाही त्याच्यावरच उरलेलं वाक्य मनात पुरं करण्याचं काम टाकणं मला अजब वाटतं. याहून वजनदार आक्षेप परंपरेचा आहे. सूत्रं तर कमालीची त्रोटक असतात, तरी आपण त्यांना मान देतो. मराठीत महानुभाव पंथाचा ‘सूत्रपाठ’ आहेच. खरं आहे. पण पंथातल्या केशिराजबासांनी पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींची वचनं सूत्ररूपाने निवडली ती पाठ करणाऱ्यांसाठी, आणि पाठ करणाऱ्याच्या शेजारी सांगणारा बसलेला असे. एवढं करूनही भागलं नाही. कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं हे सांगणारी ‘प्रकरणवश’ पंथाला जपावी लागली. खुद्द केशिराजांच्या ‘दृष्टान्तपाठा’त ११४ दृष्टान्त आहेत, आणि तिथे सूत्र एकटं येत नाही: पुढे दृष्टान्त, त्याच्यापुढे त्याचा अर्थ उलगडणारा दार्ष्टान्तिक. सूत्राचा आखूडपणा या सोबतीच्या भरवशावर उभा आहे. माहितीपुस्तिकेच्या वाचकाजवळ बांधावर कोणी बसलेलं नसतं.

एका जागी मात्र माझा पंधरा शब्दांचा हट्ट चालत नाही. पीटीओच्या शेजारी चिकटवायच्या तळहाताएवढ्या स्टिकरवर तीन-चार शब्दच मावतात. तिथे फिरत्या दांड्यात ओढला जाणारा माणूस काढलेला असतो. शब्द त्रोटक राहतात, दृष्टान्ताचं काम चित्र करतं.