पाळी

आमच्या घरात पाळी हा शब्द दोन ठिकाणी लागतो. एक कामाची पाळी. दुसरी माझी. कामाची चुकली की पगार कापतात. माझी चुकली की लग्नानंतरची पहिली दोन वर्षं घरात पेढ्यांची भाषा व्हायची.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. वय २७. शाळा आठवीपर्यंत; पुढचं जे काय शिकले ते विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर. कविता लिहिते. नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर. त्याची बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. माझी सकाळी सातची. २०२० साली टाळेबंदी सैल झाली तेव्हा पन्नास माणसांत आमचं लग्न लागलं.

पुढच्या वर्षी माझी पाळी तीन महिने आली नाही. सासूनं, म्हणजे आत्तीनं, गल्लीत सांगून टाकलं. घागर उचलू देईना. मला चिंच आणून दिली. मीही मनात नावं लिहायला लागले – पोरगं झालं तर हे, पोरगी झाली तर ते. औषधाच्या दुकानातली पट्टी आणून बघितली. एकच रेघ. आत्ती म्हणाली, "पट्टीला काय कळतंय?"

आणि एक दिवस फ्रेमवर उभी असताना रक्त सुटलं. असं की दोन फ्रेमांच्या मधल्या गल्लीत पाय उचलवेना. तारा तुटत होत्या, मी जोडत होते. साईड सोडून जायचं तर कुणाला सांगायचं? घरी आले तर आत्तीनं कपड्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कामाला जाऊन पाडलंस न्हवं?"

पाडायला पोटात काही नव्हतंच. पण ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग तो शब्द आला. वांझ. तोंडावर कुणी म्हणत नाही. नळावर आपण गेलो की बोलणं थांबतं, त्या थांबण्यात तो असतो. जावेचं डोहाळजेवण होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, हार घातलेले. त्रिसरण झालं, पंचशील झालं. बायका ओटी भरायला एकेक उठल्या. मी नारळ घेऊन उठले तर एक चुलतसासू हळूच म्हणाली, "तू मागं बस गं जरा."

मी मागं बसले.

माझी आजी सांगायची, विहिरीवर आपण हात पसरून उभं राहायचं, दुसरं कुणीतरी वरनं पाणी घालायचं. आपल्या हातानं पोहरा सोडायचा नाही. मला ती गोष्ट पाठ होती, पण कळली त्या दिवशी. आणि ती मला कुणा पाटला-कुलकर्ण्याच्या दारात कळली नाही. माझ्याच वस्तीत कळली, जयभीम म्हणणाऱ्या बायकांत. ज्यांनी १९५६ साली अंगावरचं एक नाव फेकून दिलं, त्यांच्या पोरीबाळींनी दुसरं नाव उचलून माझ्या कपाळावर लावलं. हे लिहायला नको, घरचं बाहेर जातं, असं नवरा म्हणतो. मी म्हणते, बाहेर गेल्याशिवाय घरात उजेड येत नाही.

बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या आत्तीनं मला अमावास्येला देवऋष्याकडं नेलं. लिंबू, अंगारा, कोंबडं. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. त्या अंगणात तो कुणाच्या गावी नव्हता. देवऋषी म्हणाला, माहेरची बाई आडवी आलीय. माझ्या माहेरची कुठली बाई? ती वरनं पाणी घ्यायची ती? ती कशी आडवी येईल, तिला आयुष्यभर कुणी उभं राहू दिलं नाही.

दवाखानाही बघितला. पहिला डॉक्टर माझ्या चेहऱ्याकडं बघून मग कागदाकडं वळला. माझ्या हनुवटीवर केस येतात. दुहेरी पिळाच्या धाग्यानं मी ते ओढून काढते, आरशासमोर, दार लावून. तो म्हणाला, "वजन कमी करा. चालत जा. तुम्ही लोक भात फार खाता." आठ तास मी दोन फ्रेमांच्या मधून फेऱ्या मारते, साहेब. भात खाते कारण रेशनला तांदूळ मिळतो. हे मी त्याला म्हटलं नाही. इथं म्हणते.

दुसरी डॉक्टरीण भेटली ती २०२३ साली. तिनं सोनोग्राफी केली. ज्या खोलीबाहेर मी बसले होते तिथं पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. मी ती पाटी वीस वेळा वाचली. गर्भच नाही, लिंग कसलं. मग आत बोलावून तिनं कागदावर काढून दाखवलं. कागदावर पीसीओएस लिहिलं. आमच्या गल्लीत त्याला पीसीओडी म्हणतात. तिनं सांगितलेलं मी नवऱ्याला माझ्या भाषेत सांगितलं, ते असं :

आमच्या फ्रेमवर चात्या असतात, हजारावर. बॉबिन भरली की डॉफ काढायचा. बाईच्या अंडाशयात दर महिन्याला बऱ्याच बॉबिनी सुरू होतात, पण त्यातली एक पुरी भरते, तीच सुटते. ते अंडं. माझ्यात सगळ्या सुरू होतात आणि अर्ध्यावर थांबतात. एकही भरत नाही, म्हणून सुटत नाही. अंडं सुटलं नाही की पाळीही वेळेवर येत नाही. त्या अर्धवट राहिलेल्या पिशव्या सोनोग्राफीत माळेसारख्या दिसतात. लोक त्यांना गाठी म्हणतात. त्या गाठी नाहीतच. रोगाचं नावच चुकीचं पडलंय.

थांबतात का, तर शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून शरीर आणखी इन्सुलिन करतं, आणि त्यानं अंडाशयातून पुरुषी संप्रेरक जास्त सुटतं. हनुवटीवरचे केस त्याचेच. पोटावरची चरबीही त्यातलीच. वजन थोडं उतरलं, शंभरातलं पाच किलो, तरी पुष्कळ जणींची अंडी सुटायला लागतात. हे डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. पण तिनं आधी विचारलं, पाळी कितीची, डब्यात काय असतं. मग म्हणाली, भात अर्धा करा, भाकरी वाढवा, डाळ-अंडी खा. विचारून सांगितलं की तेच बोलणं टोचत नाही.

नवरा ऐकून म्हणाला, "म्हंजे तू बंद न्हाईस. अर्ध्यावर थांबलीयास." माझ्या कवितांना कुणी इतकं नीट समजून घेतलं नाही.

हा आजार १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात बायकांवरून मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात रमाई गेली. पाच लेकरं झाली तिला, चार हातांवर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेब येवल्यात म्हणाले, हिंदू म्हणून मरणार नाही. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मला ते साल पाठ झालंय. माझ्या रोगाला नाव मिळालं त्याला इतकी वर्षं झाली, आणि आमच्या नळावर अजून वांझ हाच शब्द चालतो. आज दहा बायकांत एकीला हा त्रास असतो. मोजून बघा आपल्या गल्लीत. आमच्या डिपार्टमेंटमध्ये मी उघड बोलले तर दोघी जणी जेवणाच्या सुट्टीत गुपचूप माझ्याजवळ आल्या.

आणखी एक. मला सगळे मुलाचं विचारतात. पण मूल नको म्हटलं तरी हा आजार राहतोच. पुढं साखरेचा रोग लागायची भीती असते. महिनोन्‌महिने पाळी नाही तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं, त्यात कर्करोगाचाही धोका. हे मला तीन वर्षांत घरात कुणी विचारलं नाही. जणू पोट माझं नव्हे, खानदानाचं कोठार.

गोळ्या सुरू झाल्या. एक मेटफॉर्मिन, साखरेच्या रोगावरची. तिनं पोट बिघडतं. फ्रेम सोडून सारखं संडासला जाणारी बाई मुकादमाला कामचुकार वाटते. दुसरी लेट्रोझोल. ही खरी स्तनाच्या कर्करोगावरची. २०११ साली आपल्या देशात ती मूल होण्यासाठी द्यायला बंदी घातली, २०१७ साली उठवली. मधे, २०१४ साली, अमेरिकेतल्या ७५० बायकांच्या पाहणीत दिसलं की या गोळीवर शंभरातल्या २७-२८ जणींना मूल झालं, जुन्या गोळीवर १९ जणींना. म्हणजे औषध चांगलं, तरी शंभरातल्या सत्तरांवर रिकाम्या हातांनी घरी. हा आकडा मी आत्तीला सांगितला नाही.

डॉक्टरीण म्हणाली, नवऱ्याचीही तपासणी करा. इथं पुष्कळ घरं अडतात. नवरा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी गेला. निकाल चांगला आला. तो आल्यावर त्याला आनंद झाला आणि माझ्याकडं बघून तो लपवायला लागला. मी म्हटलं, लपवू नको. माझ्यावर एक नाव आहेच, तुझ्यावर आणखी कशाला?

आत्तीचंही सांगायला पाहिजे, नाहीतर लिहिणं खोटं होईल. तिनं थोरल्याच्या कानात दुसऱ्या लग्नाचं घातलं, हे खरं. मी एकदा तिला सावित्रीमाईच्या फोटोखाली बसवून विचारलं, "ह्या माउलीला पोटचं मूल नव्हतं. यशवंत दत्तक घेतलेला, एका ब्राह्मण विधवेचा. तिला तुमी मागं बसवलं असतं काय?" ती कितीतरी वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माजी दोन गेली, तुला ठाव हाय? मला भ्या वाटतंय." आणि आठवड्यानं भिशीचे पैसे माझ्या हातात दिले, सोनोग्राफीला. अमावास्येला देवऋष्याकडंही जाऊन आली. दोन्ही.

गोळीच्या दुसऱ्या महिन्यात अंडं वाढायला लागलं. नवव्या दिवसापासून एकाआड एक सोनोग्राफी. दर वेळी खाडा. एका सोनोग्राफीला माझी दोन दिवसांची हजेरी जाते, आणि खाड्याचा एक दिवस वेगळा. बॉबिन भरत आली : १२, १५, १९ मिलिमीटर. अंडं फुटायचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरीण म्हणाली, छत्तीस तासांच्या आसपास सुटेल, सुटल्यावर एक दिवससुद्धा टिकत नाही. या दोन रात्री एकत्र राहा.

त्या आठवड्यात नवऱ्याची रातपाळी होती.

तो सहा वाजता घरी येतो, मी साडेसहाला निघते. आमचा संसार त्या अर्ध्या तासात, उंबऱ्यावर, डबा देताघेता चालतो. मूल होत नाही म्हणून सगळ्यांनी माझं पोट तपासलं. आमच्या दोघांच्या पाळ्यांचा तक्ता कुणी तपासला नाही. नवऱ्यानं दोन रात्रींचा खाडा मागितला. मालकानं विचारलं, कशाला? तो म्हणाला, "घरात काम हाय." तिथले सगळे हसले म्हणे. हसू देत.

त्यानंतर चौदाव्या दिवशी मला पाळी आली. गोळीनं ओढून आणलेली नव्हे, आपसूक, वेळेवर, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. घरात कुणी बोललं नाही. आत्तीनं चूल पुसून घेतली. पण मी संडासात उभी राहून रडले ते निव्वळ दुःखानं नव्हे. पाळी वेळेवर आली म्हणजे अंडं सुटलं होतं. बॉबिन भरली होती. हे आनंदाचं आहे हे मी घरात कुणाला सांगू?

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याला कळलं.

आज पहिला दिवस. उद्यापासून परत पाच दिवस गोळी. नवव्या दिवशी खाडा. यावेळी इंजेक्शन त्याच्या दिवसपाळीत येतंय.

जावेला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे. मी नारळ आणि खण आणून ठेवलाय. ओटी भरायला मी पुढं बसणार. ज्यांना मला उठवायचं असेल त्यांनी भिंतीवरच्या फोटोंकडं बघून उठवावं.