दरडीवरची लेकरे

मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातील माझातेक लोक ज्या भूछत्रांना पवित्र मानतात, त्यांची ओळख बहुधा जमिनीपासून सुरू होते. दरड कोसळून उघड्या पडलेल्या मातीत उगवते ते ‘देरुम्बे’. या स्पॅनिश शब्दाचा अर्थच दरड. गवतातले इवलेसे ते ‘पाहारितो’, म्हणजे चिमणे पाखरू. आणि गुरांच्या शेणावर उगवणारे ते शेतकऱ्यांच्या संताच्या नावाचे, ‘सान इसिद्रो’. सोनेरी-तपकिरी टोपी, देठावर पातळ कडे, जांभळट बीजाणू, आणि दुखावले की निळे पडणारे अंग. वनस्पतिशास्त्रात हेच सिलोसायबी क्युबेन्सिस. स्पॅनिशांनी गुरे आणली, त्यांच्या मागोमाग हेही आले असावे, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. आज जगाला सर्वाधिक ठाऊक आहे ते हेच. माझातेकांकडे मात्र त्याचा मान दरडीवरच्यापेक्षा कमी.

वाउत्ला गावची मारिया साबिना या भूछत्रांना ‘लेकरे’ म्हणत असे. ती निरक्षर होती. माझातेक भाषेपलीकडे तिला काही येत नव्हते. कुणी आजारी असले, तरच रात्री अंधारात जोडीजोडीने ती खायची आणि पहाटेपर्यंत ती गात राही. तिच्या गाण्यात जवळजवळ प्रत्येक ओळीअखेर ‘म्हणे’ या अर्थाचा शब्द येतो. आपल्या अभंगात ‘म्हणे’च्या आधी कवीचे नाव असते, इथे म्हणणारी ती लेकरे, ही केवळ त्यांची वाणी.

1955 च्या जूनमध्ये अमेरिकन बँकर गॉर्डन वॉसन तिच्याकडे आला. गावच्या पदाधिकाऱ्याने शब्द टाकला, म्हणून तिला नाही म्हणवले नाही. 1957 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा लेख छायाचित्रांसह आला. त्याच वर्षी तिच्या गाण्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. वॉसनने तिचे नाव बदलले होते, पण त्याचा उपयोग झाला नाही. पुढच्या दशकात तरुणांचे तांडे वाउत्लाला लोटले, मागोमाग पोलीस आले, तिचे घर जाळले गेले.

1958 मध्ये आल्बर्ट हॉफमनने या भूछत्रांतून सिलोसायबिन वेगळे काढले होते. 1962 मध्ये तो त्याच्या गोळ्या घेऊन तिच्याकडे गेला, तेव्हा गोळ्यांत लेकरांचेच बळ आहे, अशी पावती तिने दिली. आणि तीच पुढे आल्वारो एस्त्रादाला आपली जीवनकथा सांगताना म्हणाली, की परके आल्यापासून लेकरांचे बळ सरले. रसायन तर तसेच होते. मग सरले ते काय?

या प्रश्नाशी मी अडखळतो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी जात्यावरच्या ओव्या जमवण्यासाठी मी एका आजींकडे टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो. त्यांना एकही आठवेना. “रिकाम्या हाताने कशी येईल रे बाबा?” त्या म्हणाल्या. शेजारच्या घरातून जाते आणले, मूठभर ज्वारी घातली, आणि ओव्या लागोपाठ येऊ लागल्या. त्यांतल्या एकीत सासरच्या अन्यायाचे गाऱ्हाणे होते. महाविद्यालयाच्या वार्षिकात मी ती छापली. आजींचे नाव गाळले, गावाचे ठेवले. पुढच्या खेपेस त्यांनी चहा दिला, पण जात्याला हात लावला नाही. “ते जात्याला सांगितलं होतं,” एवढेच बोलल्या.

वॉसनला दोष देणे सोपे आहे. त्याचे लेखन प्रामाणिक होते, कुतूहल खरे होते, माझेही होते. पण ज्याला उगवायला दरडीचीच माती लागते, ते उपटून नेताना मातीची परवानगी आपण दोघांनीही पुरती विचारली नाही. मारिया साबिना 1985 मध्ये गेली. तिची ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येते. माझ्या कपाटातली ती टेप मी त्यानंतर लावलेली नाही. ती आजींच्या नातीकडे सोपवावी, असे मनात आहे. मात्र त्यासाठी आधी त्या घराची पायरी पुन्हा चढावी लागेल.