चिंगमच्या चित्रांतले क्रिकेटपटू

क्रिकेटपटूंची छापील चित्रे जमवण्याचा नाद जळगाव-धुळ्याच्या मुलांना १९८०च्या दशकात बबलगममुळे लागला. प्रस्तुत लेखकाचा संग्रह याच दोन शहरांत उभा राहिला आणि त्यातला बहुतेक ऐवज १९८३ ते १९९६ या विश्वचषकांमधल्या काळातला आहे. त्याचे तीन प्रकार पडतात: बबलगमसोबतची पातळ चित्रे, आकडेवारी छापलेले जाड पत्ते आणि नियतकालिकांतून कापून वहीत चिकटवलेली छायाचित्रे.

ही प्रथा मूळची तंबाखूच्या व्यापारातली. सिगारेटचे पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि मग ब्रिटनमध्ये त्यावर चित्रे छापली जाऊ लागली. ब्रिटनच्या विल्स कंपनीने १८९६मध्ये पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली. अमेरिकेत तोच मान बेसबॉलच्या खेळाडूंना मिळाला. १९०९ ते १९११ या काळातल्या टी-२०६ मालिकेत होनस वॅग्नर या खेळाडूचे चित्र लवकरच छपाईतून काढले गेले. त्यामुळे त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या आणि २०२२मध्ये त्यातली एक साडेबहात्तर लाख डॉलरना विकली गेली. पुढे तंबाखूची जागा चिंगमने घेतली. टॉप्स कंपनीच्या १९५२च्या मालिकेतले मिकी मँटलचे कार्ड २०२२मध्येच एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेले.

खानदेशातल्या किराणा दुकानांत आणि शाळेसमोरच्या टपऱ्यांवर आले ते ‘बिग फन’. त्यासोबत क्रिकेटपटूचे लहानसे चित्र मिळे आणि त्यावर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरलेली बेरीज जमली की चित्रांच्या बदल्यात एक छोटी पुस्तिका मिळे. तिची पाने अंगठ्याखालून भराभर सोडली की खेळाडू हलताना दिसे. १९८७च्या रिलायन्स विश्वचषकाच्या सुमारास हा प्रकार ऐन भरात होता. चिंगम चघळून संपे, पण चित्र कंपासपेटीत जाई.

या चित्रांचे पुढे काय झाले, यावरच आज कोणते दुर्मीळ आणि कोणते सर्रास हे ठरते. वॅग्नरचे कार्ड छापलेच कमी गेले. खानदेशातली चित्रे मात्र वापरून संपली. जास्त धावांची चित्रे पुस्तिकेच्या लोभाने दुकानदाराकडे जमा झाली, एक-दोन धावांची घरात राहिली. लेखकाला जुन्या डब्यांतून आणि रद्दीच्या गठ्ठ्यांतून मिळालेल्या चित्रांत म्हणूनच लहान आकड्यांचा भरणा आहे. उरलेली चित्रे अदलाबदलीत फिरली. एकाच खेळाडूचे दुसरे चित्र म्हणजे ‘डबल’. एका कपिलदेवला किती डबल द्यायचे, याचा भाव धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ली नंबरागणिक बदलत असे. काडेपेटीच्या छापांप्रमाणे ही चित्रेही रिंगणात मांडून चपट्या दगडाने उडवली जात. त्या खेळातून आलेले चित्र कडांवरून ओळखू येते: कोपरे मऊ पडलेले, मधोमध आडवी घडी आणि घडीत मुरलेली तांबूस माती.

चित्रांतले खेळाडू त्या काळच्या भारतीय संघातले असले, तरी महाराष्ट्रात मागणी मुंबईकरांना अधिक. सुनील गावसकरने मार्च १९८७मध्ये अहमदाबादला कसोटीतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध त्याने एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक काढले आणि त्याच सामन्यात चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. दिलीप वेंगसरकरची ओळख लॉर्ड्सवरच्या १९७९, १९८२ आणि १९८६च्या तीन शतकांनी झालेली. संदीप पाटीलचे चाहते त्याच्या संपादनाखाली निघणारे ‘एकच षट्कार’ वाचत आणि वाचून झाल्यावर कात्री लावत. नाशिकचे बापू नाडकर्णी खानदेशाला सर्वांत जवळचे. १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली, पण त्यांची कारकीर्द चिंगमच्या काळाआधीच आटोपली होती. त्यामुळे या संग्रहात ते फक्त एका वर्तमानपत्री कात्रणात आहेत.

जाड पत्त्यांवर सामने, धावा, शतके, बळी, झेल असे आकडे असत. एकाने ‘धावा’ म्हणायचे, दुसऱ्याने आपला आकडा सांगायचा आणि मोठा आकडा असेल त्याने दोन्ही पत्ते घ्यायचे. छपाईचे साल पत्त्यावर बहुधा नसते. ते याच आकड्यांतून काढावे लागते. कसोटीच्या आकडेवारीत गावसकरच्या नावापुढे १०,१२२ धावा असल्या तर पत्ता त्याच्या निवृत्तीच्या वर्षाचा, म्हणजे १९८७चा, किंवा त्यानंतरचा. ॲलन बॉर्डरचा आकडा त्याहून मोठा असेल तर फेब्रुवारी १९९३नंतरचा. कपिलदेवचे बळी रिचर्ड हॅडलीच्या ४३१च्या पुढे गेलेले असतील तर फेब्रुवारी १९९४नंतरचा. सचिन तेंडुलकरच्या नावापुढे कसोटी शतक एकच असेल, तर ते आकडे ऑगस्ट १९९०चे मँचेस्टर आणि जानेवारी १९९२चे सिडनी यांच्या दरम्यानचे. मात्र जुनेच आकडे पुढेही छापले जात. त्यामुळे पत्ता अमुक तारखेच्या आधीचा नाही, एवढेच आकड्यावरून सिद्ध होते.

मागची बाजूही तितकीच वाचावी लागते. धुळ्यात मिळालेल्या वेंगसरकरच्या एका चित्रामागे निळ्या शाईत मुलाच्या हातची बेरीज आहे. एकाखाली एक सहा आकडे, खाली रेघ, हातच्याचा एक वर बारीक लिहिलेला आणि उत्तराभोवती गोल. बक्षिसाला किती धावा कमी पडतात, याचा तो हिशोब. अमेरिकन बाजारात असे लिखाण कार्डाची प्रत खाली आणते. लेखकाच्या संग्रहात ते स्वतंत्र नोंदवले जाते, कारण चित्र कोणत्या कामी आले याचा तेवढाच पुरावा उरतो.

जतनाचे प्रश्न हवामानातून येतात. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कोरड्या हवेत बुरशी कमी धरते, पण कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, चिकटपट्टीचा डिंक वितळून तपकिरी डाग पाडतो. मुलांनी चित्रे वहीत चिकटवली ती बहुधा घरच्या खळीने, आणि खळीवर कसर येते. अशी चित्रे सोडवण्याच्या नादात फाटतात. म्हणून वहीचे पान आहे तसे ठेवणे बरे. फोटो-अल्बमची चिकट पाने आणि स्वस्त प्लॅस्टिक टाळावे, उन्हाळ्यात ते छपाईला धरते. साध्या कागदी पाकिटात एक-एक चित्र घालून, पाकिटे पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी लावून, खोके पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावे. पावसाळा सरला की एकदा सगळे उघडून पाहावे.

नवी भर पडते ती जुनी घरे रिकामी होताना. माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, शाळेच्या वह्यांचा गठ्ठा आणि रद्दीवाल्याचा तराजू, अशा तीन ठिकाणी शोध घ्यावा लागतो. रद्दीच्या दुकानात चित्र वहीसकट किलोच्या भावाने मिळते. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा भाव रोज फळ्यावर लागतो. या चित्रांना तसा भाव नाही. देवघेव आजही मुख्यतः डबलच्या अदलाबदलीनेच होते. तेव्हा प्रत्येक चित्राची नोंद करताना खेळाडू, छापलेली धाव किंवा बळी, कडांची अवस्था, मागचे लिखाण आणि ते कुठल्या गावी, कशातून मिळाले, एवढे तपशील लिहून ठेवावेत.