वाकलेल्या कंबरा

लूकच्या शुभवर्तमानात (१३:१०-१७) अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री भेटते. तिने काही मागितले नव्हते. प्रभूनेच तिला पाहिले, बोलाविले आणि शब्बाथाच्या दिवशीच सरळ उभे केले.

आपल्या घरातील वाकलेल्या कंबरा आपणांस दिसतात का? वाडीतली खुरपणी, डोक्यावरची भाजीची पाटी, पाण्याने भरलेली कळशी हे सारे वाहून माता म्हणते, 'हा माझा क्रूस!' वेदना प्रभूला अर्पण करा, असे आम्ही धर्मगुरू सांगतो. परंतु टाळता येण्याजोग्या दुखण्याला क्रूस म्हणून आपण स्वस्थ बसावे काय?

कंबरेच्या पाच मणक्यांवर धडाचा भार असतो. मणक्यांमधील चकत्या तो झेलतात. ओझे गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून, कंबर न पिळता उचलल्यास ताण घटतो. पूर्वी अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला मिळे. आज डॉक्टर झेपेल तितके हिंडते-फिरते राहावयास सांगतात. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. मात्र पायांतील शक्ती गेली, जांघेत बधिरता आली वा लघवीवरील ताबा सुटला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि उद्या सकाळी ती भरलेली कळशी घरातल्या तरुणाने उचलावी. आईने हाक मारण्याची वाट पाहू नये.