दडवलेला डबा आणि हललेला दगड

ज्या छंदाला आपल्या भाषेत अजून नाव मिळालेले नाही, त्याविषयी लिहिताना पहिली अडचण नावाचीच येते. इंग्रजीत त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी एक डबा कुठेतरी दडवून ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरा कोणी ते आकडे घेऊन तिथे पोहोचतो, डबा शोधतो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तसाच ठेवून परततो. आम्ही चौघे मित्र या खेळात पडलो तेव्हा डब्याला ‘ठेवा’ म्हणू लागलो. ठेवणे या साध्या क्रियापदातून ठेव आली, ठेवाही आला. पण ‘ठेवा’ म्हणताच मराठी मनात पुरलेल्या हंड्याची सावली पडते, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसांकडून ही चूक व्हावी, याचे आज नवल वाटते.

खेळाचा जन्म अगदी अलीकडचा. अमेरिकी उपग्रहांच्या संकेतांत नागरी वापरासाठी हेतुपुरस्सर मिसळलेली अशुद्धता २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली, आणि शंभरेक मीटरने चुकणारी यंत्रे एकाएकी दहा पटींनी अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या. नियम एवढाच, की काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत लिहावे. ती बादली अर्धवट पुरलेली होती. पुढे मात्र डब्यासाठी जमीन खणायची नाही, असा दंडक या छंदात रूढ झाला. जेवढ्या मोलाचे घ्याल तेवढ्या मोलाचे ठेवा, खाद्यपदार्थ ठेवू नका, जमीनमालकाची परवानगी घ्या, परतताना वाटेवरचा कचरा उचलून आणा, हे बाकीचे शिष्टाचार. आणखी एक शिष्टाचार असा, की शोधताना कोणाच्या नजरेस पडू नये. खेळाबाहेरच्या माणसाला या मंडळींत ‘मगल’ म्हणतात. रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरमधला, जादू न येणाऱ्यांसाठीचा हा शब्द आम्हीही मोठ्या हौसेने वापरीत असू.

आमचे क्षेत्र केडगाव आणि भोवतालचा मुलूख. साहित्याच्या वाचकांना केडगाव ठाऊक असते ते पंडिता रमाबाईंमुळे. त्यांचे मुक्ती मिशन इथले, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर इथेच छापले गेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसानही इथेच झाले. आम्हांला हे गाव सोयीचे वाटले ते मात्र रेल्वे स्थानकामुळे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने यवत, खुटबाव मागे टाकून केडगावला उतरायचे. दक्षिणेला चौफुल्यावर सोलापूर रस्ता, उत्तरेला पारगाव आणि भीमा, नदीपलीकडे शिरूर तालुका. वाट आखताना नकाशापेक्षा पिकाचे वेळापत्रक अधिक उपयोगी पडते, हे आम्ही दोन-तीन फजित्यांनंतर शिकलो. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी धरते, की दर पन्नास पावलांना काठीने खरवडावी लागते. भाद्रपदात ऊस डोक्यावर गेलेला असतो आणि यंत्र सरळ रेषेत ‘चारशे मीटर’ दाखवीत असले, तरी त्या चारशे मीटरांत वाट नसते. कारखाने सुरू झाले, की बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्ते व्यापतात. मात्र तेव्हाच फड मोकळे होतात, बांध दिसू लागतात आणि गुऱ्हाळाच्या वासावरूनही दिशा कळते. बांधावरून चालावे, पाटाचे दार हलवू नये, पिकात पाय टाकू नये, कुत्रे भुंकले तर पळू नये, हे नियम कोणत्याही संकेतस्थळाने आम्हांला सांगितले नव्हते.

२०१९च्या दिवाळीनंतर आम्ही एका गावाच्या शिवेवर डबा ठेवला. गावाचे नाव इथे देत नाही. बांधालगत एका बाभळीखाली एक वीरगळ उभा होता. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी नेहमीची मांडणी. अक्षरे नव्हती, वीराचे नाव कोणालाच माहीत नव्हते; पण दगडाला ताजा शेंदूर होता. येणाऱ्याने हा दगड पाहावा, त्यावरची कथा खालून वर वाचावी, हाच आमचा हेतू होता. डबा दगडापासून दहा पावलांवर, बाभळीच्या बुंध्याच्या पोकळीत ठेवला. खणले काहीच नाही. मात्र परवानगीही घेतली नाही. बांध म्हणजे कोणाचीच जागा नव्हे, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली.

त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या ओळखीची पाच-सहा माणसे तिथे जाऊन आली. हातातल्या फोनकडे पाहत दगडाभोवती फेऱ्या घालायच्या, वाकून बुंधे चाचपायचे, कोणी आले की खोटेच पक्षी पाहत असल्याचे सोंग करायचे. फेब्रुवारीत आम्ही वही पाहायला गेलो, तेव्हा वीरगळ आडवा पडलेला होता. पायथ्याशी कंबरभर खड्डा होता आणि मधल्या चौकटीतून तिरपी भेग गेलेली होती.

आम्ही खड्ड्याकडे पाहत उभे असतानाच मागून आवाज आला, “आता काय हुडकताय, पाव्हणं?”

सत्तरीचे गृहस्थ होते. बांधाच्या अलीकडचे शेत त्यांचे. आम्ही डबा काढून दाखवला. त्यांनी तो उघडला, वही चाळली, दोन गोट्या आणि एक किल्लीची साखळी हातावर घेतली. “यासाठी येत व्हता व्हय?” ते म्हणाले. “आमच्या गावात बोभाटा झाला, पुण्याची माणसं यंत्र लावून धन बघत्यात. दोन राती बॅटऱ्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी दगड असा.”

“आबा, आम्ही खणलं नाही,” आमच्यातला एकजण म्हणाला.

“न्हाई खणलं. पर सांगितलं बी न्हाई.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. गुप्तधनाची ओढ ही काही दंतकथा नव्हे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी, असा कायदा १८७८ पासून आहे, आणि धनाच्या शोधात केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही करावा लागला. ज्या मुलखात कायद्यालाही ही ओढ ध्यानात घ्यावी लागते, तिथे आमच्या हालचालींचा दुसरा कोणता अर्थ निघणार होता? एखादी खूण आपण एका संकेतव्यवस्थेत करतो आणि वाचणारा ती आपल्या व्यवस्थेत वाचतो, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. तिथे चुकीच्या वाचनाने फार तर गुण जातात. इथे एक दगड गेला. आणि ज्या माणसाच्या आजोबा-पणजोबांनी त्या दगडाला शेंदूर लावला, त्याला आम्ही ‘मगल’ म्हणत होतो. त्या बांधावर खेळाबाहेरचे कोण होते, हे त्या दुपारी स्पष्ट झाले. तो शब्द तेव्हापासून आम्ही वापरलेला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही गावच्या पारावर जाऊन डब्यासकट सगळी हकिकत सांगितली. काही हसले, काहींनी चार शब्द सुनावले. दोन्ही आम्ही ऐकून घेतले. मग गावातल्या पोरांनी पहारी आणल्या, खड्डा मुरमाने भरला आणि आठ-दहा जणांनी मिळून दगड उभा केला. भेग राहिली आहे. ती सिमेंटने बुजवू नये, एवढीच विनंती आम्ही केली आणि ती मानली गेली.

ती जागा आम्ही यादीतून काढली. डबा परत नेऊ लागलो, तेव्हा आबांनी वही मागून घेतली. ती आता त्यांच्या घरात देवळीत असते. दगड पाहायला येणाऱ्याने आधी घरी यायचे, चहा घ्यायचा, मग त्यांच्याबरोबर बांधावर जायचे आणि परतल्यावर वहीत नाव लिहायचे. यात शोधण्याची गंमत उरत नाही, अशी तक्रार आमच्या एका तरुण सहकाऱ्याने केली, आणि ती खरी आहे. गेल्या खेपेस वही उघडली, तेव्हा आमच्या सह्यांच्या खाली पेन्सिलीने तीन चौकटी काढलेल्या होत्या. चित्र आबांच्या नातीचे. मधल्या चौकटीत तिने भेगही काढली होती.