आमचा वाघ्या

आमच्या घरी एक मासा पाळलेला आहे. तो मरळ जातीचा आहे. त्याच्या अंगावर काळे पट्टे आहेत आणि तो शिकार करून खातो, म्हणून आम्ही त्याला वाघ्या म्हणतो.

आमचे गाव पैठण तालुक्यात नाथसागराच्या काठावर आहे. जायकवाडी धरणाच्या पाण्याला नाथसागर म्हणतात. धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी केली. १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. माझे अण्णा या पाण्यात मासे धरतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जाळ्यात बोटाएवढी मरळ आली. ती विकण्याजोगी नव्हती, म्हणून त्यांनी ती कळशीत घालून घरी आणली. मामाने संभाजीनगरहून तीन फूट लांबीची काचेची पेटी आणून दिली.

वाघ्या झिंगे, गांडुळे आणि चिलापीची पिल्ले खातो. शिकार करताना तो काडीसारखा गप्प उभा राहतो. पिल्लू जवळ आले की एकदम झडप घालतो आणि सगळेच गिळतो. चावत बसत नाही. त्याच्याबरोबर दुसरा लहान मासा ठेवता येत नाही. मरळ उडी मारून बाहेर पडते, म्हणून पेटीवर फळी आणि फळीवर वरवंटा ठेवलेला असतो. चटणी वाटायची वेळ झाली की आई आधी वाघ्याकडून वरवंटा मागून घेते!

पेटी काठोकाठ भरायची नसते. वर चार बोटे जागा सोडावी लागते. कारण मरळ वर येऊन तोंडाने हवा घेते. तिला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. म्हणूनच बाजारात मरळ थोड्याशा पाण्यात जिवंत ठेवून विकतात. आमच्याकडे लाईट सारखी जाते, पण वाघ्याचे काही अडत नाही. त्याला हवेचे यंत्र लागत नाही.

पण पाणी लागतेच. पेटीत आठ हंडे पाणी मावते. मागच्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हते. आजी म्हणायची, "धरण उशाला अन् कोरड घशाला! माणसाला मिळंना आणि माशाला आठ हंडे?" मग मी आणि दादा बांधाकडच्या विहिरीवरून पाणी आणायचो. पेटीतले जुने पाणी आजी वांग्यांना घालायची. त्या पाण्याने वांगी लई चांगली आली. मग आजी काही बोलली नाही.

आता वाघ्या हातभर लांब झाला आहे. वळताना त्याची शेपूट काचेला लागते. शेजारचे काका म्हणाले, "विकून टाका, मरळीला चांगला भाव येतो." आजी म्हणाली, "ज्याला पोरांनी हातानं खाऊ घातलं, त्याला विकायचं नाही अन् तव्यावरही टाकायचं नाही." अण्णा म्हणाले, "मग पाण्यात सोडू." दादा रुसला. मलाही रडू आले.

गुरुजींनी आम्हाला वर्गात सांगितले होते, की २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकेतला मासा सापडला. पाळलेला परदेशी मासा कधीही नदीत किंवा तळ्यात सोडू नये, तो तिथल्या माशांना खातो. मी विचारले, "मग आमचा वाघ्या?" गुरुजी म्हणाले, "तो याच पाण्यातला आहे. जिथून आणला तिथेच सोडा."

अण्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मरळीची पिल्ले लालसर असतात. त्यांचा घोळका पाण्यावर दिसतो आणि खाली त्यांचे आईबाप राखण करतात. असा घोळका दिसला की अण्णा तिथे जाळे टाकत नाहीत. वाघ्या आमच्या पेटीत एकटाच आहे. तो कोणाची राखण करणार? हे ऐकल्यावर दादाचा रुसवा गेला.

मृगाचा पाऊस पडला आणि पाणी चढले, की आम्ही वाघ्याला नाथसागरात सोडणार आहोत. ज्यांना त्याला बघायचे असेल त्यांनी पावसाच्या आधी आमच्या घरी यावे. येताना दोन-चार गांडुळे आणावीत. काचेवर टकटक करू नये.

– इयत्ता ४ थी